फ्रान्सिस ॲस्टन : अणूंना एकेकटे तोलणारा शास्त्रज्ञ

आपल्या निवासी विद्यालयाच्या प्रयोगशाळेत मूलद्रव्यांचा एक जुना तक्ता भिंतीवर टांगलेला आहे. त्यातील तिसऱ्या चौकटीत लिथियम असून त्याच्या नावाखाली ६.९४ हा अणुभार छापलेला आहे. काही वर्षांपूर्वी आठवीतील एका विद्यार्थिनीने या आकड्याविषयी एक प्रश्न केला होता. सर्वांत हलका अणू हायड्रोजनचा, आणि त्याचे वजन एक मानले तर बाकीच्यांची वजने दोन, तीन, चार अशी का येत नाहीत, हे ९४ शतांश कोठून आले, असे तिला जाणून घ्यायचे होते. आम्ही इतिहास शिकवतो. त्या दिवशी विज्ञानाच्या तासाला केवळ बदली म्हणून उभे होतो. उत्तर आम्हांला देता आले नाही. पुढे ते शोधता शोधता आम्ही ज्या माणसापर्यंत पोहोचलो, त्याचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत. उत्तरास उशीर झाला, हे मान्य आहे.

फ्रान्सिस विल्यम ॲस्टन यांचा जन्म १ सप्टेंबर १८७७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरालगतच्या हार्बोर्न या गावी झाला. सात भावंडांत ते तिसरे. वडील धातूंचे व्यापारी होते आणि शेतीही करीत. आईचे माहेर बंदुका बनविणाऱ्या कारागिरांचे. थोरांच्या चरित्रात आरंभी दारिद्र्य शोधण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि आपल्या समाजाच्या इतिहासात ते शोधावेही लागत नाही. ॲस्टन यांच्या वाट्याला मात्र दारिद्र्य आले नव्हते. घर सुखवस्तू होते, आणि वडिलांच्या घरीच मुलाला स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटता आली. हे लपवून चरित्र अधिक हृद्य करण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. या सुखवस्तू घरातील मुलाने आपले हात कामाला लावले, ही गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. काच तापवून फुंकणे, नळ्या जोडणे, हवा काढून घेणारे पंप तयार करणे ही सारी कारागिरी तो स्वतः शिकला. ज्या देशात हाताने काम करणाऱ्याला खालचा आणि केवळ पोथी वाचणाऱ्याला वरचा मानले गेले, त्या देशातील विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ॲस्टन यांचे नाव ज्या शोधामुळे झाले, त्याचा अर्धा भाग बोटांत होता.

बर्मिंगहॅमच्या मेसन कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचे शिक्षण घेतले. पुढे तीन वर्षे, १९०० ते १९०३, ते वुल्व्हरहॅम्प्टन येथील बिअर गाळण्याच्या कारखान्यात रसायनज्ञ म्हणून नोकरीला होते. पंचशील घेतलेल्या शाळेच्या स्मरणिकेत ही माहिती द्यावी की नाही, असा प्रश्न एका सहकाऱ्याने हसत हसत उपस्थित केला. चरित्रात घडले ते लिहावे, एवढेच आमचे उत्तर. या नोकरीच्या काळातही संध्याकाळचा वेळ ते घरच्या प्रयोगशाळेत घालवीत. क्ष-किरणांचा आणि किरणोत्साराचा शोध नुकताच लागला होता. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून विजेचा प्रवाह सोडला असता जो प्रकाश दिसतो त्याने त्यांना वेड लावले, आणि शिष्यवृत्ती मिळताच ते कारखाना सोडून बर्मिंगहॅम विद्यापीठात परतले. नळीतील त्या प्रकाशात ऋणाग्राला अगदी लागून असलेला एक अंधारा पट्टा त्यांनी हुडकला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१९०८ साली वडील वारले. हाती आलेल्या पैशातून ते जगाच्या प्रवासाला निघाले. १९१० मध्ये केंब्रिजच्या केव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांचे सहायक म्हणून ते रुजू झाले. थॉमसन हे इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे, नोबेल पारितोषिकाने गौरविलेले आचार्य. त्यांच्यापुढे एक कोडे होते. निऑन वायूचा अणुभार २०.२ भरत असे. पण वायूचे विद्युतभारित कण चुंबकाच्या आणि विजेच्या प्रभावाखाली वळवून छायाचित्राच्या काचेवर पाडले, की तेथे २० ची रेषा उमटे आणि तिच्या शेजारी २२ ची एक फिकट रेषाही उमटे. ही दुसरी रेषा कशाची? एखादे अज्ञात संयुग, की निऑनच दोन प्रकारचा?

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. १८१५ मध्ये प्राउट नावाच्या इंग्रज वैद्याने असा तर्क मांडला होता की, सर्व अणूंची वजने हायड्रोजनच्या वजनाच्या पूर्ण पटीत असतात, म्हणजे सृष्टी एकाच विटेची बांधलेली आहे. तर्क सुंदर होता, पण रसायनज्ञांच्या तराजूने त्याला साथ दिली नाही. क्लोरीन ३५.४६ भरला, लिथियम ६.९४. सुमारे शंभर वर्षे प्राउट चुकीचा ठरला.

तराजू खोटा नव्हता. परंतु रसायनज्ञ जेव्हा एक चिमूट पदार्थ तोलतात तेव्हा ते अब्जावधी अणू एकदम तोलत असतात, आणि त्यातून जे मिळते ते सरासरी असते. विद्यार्थ्यांना हे समजावताना आम्ही गावाचा दाखला देतो. शंभर घरांच्या गावात एका घराकडे शंभर एकर जमीन आणि नव्व्याण्णव घरे भूमिहीन असली, तरी दर घराला सरासरी एक एकर असे सरकारी कागदावर लिहिता येते. हिशेबात चूक नाही. मात्र ज्याच्याकडे नेमकी एक एकर आहे असे घर त्या गावात एकही नाही. तसेच ६.९४ वजनाचा लिथियमचा अणूही सृष्टीत एकही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे पंडित होते, आणि आकड्यांच्या आड कोण दडले आहे हे पाहण्याची त्यांची दृष्टी आपल्या परिचयाची आहे. अणूवरून समाजाविषयी याहून अधिक काही सांगण्याचा मोह आम्ही टाळतो. अणूला जात नसते, आणि त्याच्यावर अन्यायही होत नाही.

ॲस्टन यांनी निऑनचे कोडे आधी साध्या मार्गाने सोडवू पाहिले. बारीक छिद्रांच्या पांढऱ्या चिकणमातीच्या नळीतून वायू हळूहळू झिरपू दिला तर हलके अणू किंचित लवकर बाहेर पडतील, या कल्पनेवर त्यांनी तोच वायू पुन्हा पुन्हा झिरपवला. मिळालेले दोन भाग तोलण्यासाठी त्यांनी स्फटिकाचा इतका नाजूक तराजू स्वतः तयार केला होता, की ग्रॅमच्या एक अब्जांश भागाचा फरकही त्यावर कळावा. कित्येक महिन्यांच्या या खटाटोपातून एका भागाचा अणुभार २०.१५ आणि दुसऱ्याचा २०.२८ इतका आला. फरक होता, पण फारच थोडा. १९१३ साली हा निष्कर्ष जाहीर झाला. त्याच वर्षी फ्रेडरिक सॉडी यांनी रासायनिक गुण तेच पण वजन निराळे अशा अणूंना समस्थानिक हे नाव दिले. तक्त्यातील एकाच स्थानी बसणारे, असा त्याचा अर्थ. सॉडी यांचा अभ्यास किरणोत्सारी मूलद्रव्यांचा होता. साध्या, स्थिर मूलद्रव्यातही समस्थानिक असतात हे कोणी मानायला तयार नव्हते.

मग पहिले महायुद्ध आले. ॲस्टन यांना फार्नबरो येथील विमान कारखान्यात पाठविण्यात आले. विमानाच्या पंखांवरील कापडाला द्यावयाच्या लेपाचे काम त्यांच्याकडे होते. एका प्रायोगिक विमानाच्या अपघातातून ते बचावले. तेथे त्यांच्यासोबत लिंडेमन नावाचे तरुण भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि त्यांना निऑनच्या दोन प्रकारांची कल्पना मुळीच पटत नव्हती. दोघांचे वाद चालत. युद्धाची ती वर्षे हाती उपकरण नसताना केवळ विचारात गेली. आमच्या मते ती वाया गेली नाहीत, कारण १९१९ मध्ये केंब्रिजला परतताच त्यांनी अल्पावधीत जे यंत्र उभे केले, त्याची आखणी आधीच डोक्यात पूर्ण झालेली असली पाहिजे.

त्या यंत्राला मास स्पेक्ट्रोग्राफ म्हणतात. मराठीत वस्तुमान-वर्णपटलेखक म्हणता येईल. त्याचे तत्त्व खळ्यावर धान्य उपणताना आपण सर्वांनी पाहिलेले आहे. वाऱ्याच्या झोतात दाणा जवळ पडतो आणि भूस दूर जाऊन पडते. यंत्रात धान्याच्या जागी विद्युतभारित अणू असतात आणि वाऱ्याच्या जागी चुंबक. हलका अणू अधिक वळतो, जड अणू कमी. तथापि एक अडचण असते. सुपातून सुटणारा प्रत्येक दाणा निराळ्या वेगाने सुटला, तर हलके-जड यांची सरमिसळ होणारच. आणि नळीतून निघणाऱ्या अणूंचे वेग एकसारखे नसतात. यामुळेच थॉमसन यांच्या काचेवर रेषा पसरट आणि अंधुक येत. ॲस्टन यांनी अणूंचा झोत मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या रुंदीच्या दोन फटींतून नेऊन फितीसारखा पातळ केला. मग विजेच्या दोन पट्ट्यांमधून नेताना त्याला एका बाजूस वळवले, आणि लगेच चुंबकाने विरुद्ध बाजूस. मोजमाप असे साधले की वेगामुळे पडणारा फरक पहिल्या वळणात जेवढा वाढेल तेवढा दुसऱ्यात फिटावा. परिणामी एकाच वजनाचे सर्व अणू, त्यांचा वेग कोणताही असो, काचेवर एकाच ठिकाणी येऊन थडकत. आत हवेचा अंश राहू नये म्हणून द्रवरूप हवेने थंड केलेल्या कोळशाकडून उरलीसुरली हवा शोषून घेतली जाई. हजारात एक भाग एवढा फरक या यंत्राला ओळखता येत होता.

निऑनच्या २० आणि २२ या दोन स्वच्छ रेषा उमटल्या. क्लोरीनच्या ३५ आणि ३७. ३५.४६ वजनाची रेषा कोठेही नव्हती. एकामागून एक मूलद्रव्ये तपासली गेली आणि जवळजवळ प्रत्येक रेषा पूर्णांकावर पडली. शंभर वर्षांपूर्वीचा प्राउट जवळपास बरोबर होता.

आता लिथियमकडे येऊ. वायू नळीत भरणे सोपे. लिथियम हा धातू. १८१७ साली स्वीडनमधील एका खनिजात तो सापडला म्हणून त्याला दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव मिळाले. त्याचे विद्युतभारित अणू मिळवायचे कसे? त्यासाठी लिथियमचे क्षार धनाग्रावर ठेवून ते तापविण्याची युक्ती योजावी लागली. १९२१ मध्ये ॲस्टन आणि जे. जे. थॉमसन यांचे चिरंजीव जी. पी. थॉमसन यांनी लिथियमच्या ६ आणि ७ अशा दोन रेषा दाखविल्या. सातची ठळक, सहाची फिकट. त्याच सुमारास अमेरिकेत शिकागो येथे आर्थर डेम्प्स्टर यांनीही आपल्या निराळ्या घडणीच्या यंत्राने हेच दोन समस्थानिक ओळखले. डेम्प्स्टर यांच्या यंत्रात छायाचित्राची काच नव्हती. अर्धवर्तुळात वळून आलेल्या अणूंचा विद्युतप्रवाह ते थेट मोजीत. काचेवर रेषा किती काळी झाली यावरून अणू किती, हे नक्की सांगता येत नाही. प्रवाह मोजला तर ते पुष्कळ अंशी सांगता येते. जागा नेमकी ठरविण्यात ॲस्टन यांची रीत सरस, प्रमाण ठरविण्यात डेम्प्स्टर यांची. आजची यंत्रे या दोघांचीही वारस आहेत.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा हिशेब करू. दोन्ही अणूंची वजने नेमकी ६ आणि ७ मानली, तर सरासरी ६.९४ येण्यासाठी शंभरात सहा अणू सहाचे आणि चौऱ्याण्णव सातचे असले पाहिजेत. वर्गात फळ्यावर हे मांडले की मुले खूश होतात. पण हे उत्तर चूक आहे. बारकाईने मोजले असता हलक्या अणूचे वजन ६.०१५ आणि जड अणूचे ७.०१६ भरते. ही वजने घेऊन पुन्हा गणित मांडा : सहाच्या अणूंचा वाटा शंभरात सुमारे साडेसात निघतो. दशांश चिन्हापुढचा एवढासा भाग सोडून दिला तर शंभरात सहा आणि साडेसात इतकी तफावत पडते. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत दशांश सोडून देतात तेव्हा आम्हांला हे गणित आठवते.

ॲस्टन यांचे पुढचे सारे आयुष्य या दशांशाच्या मागे गेले. पूर्णांकाच्या नियमाला हायड्रोजनचा अपवाद होता : तो १.००८ भरे. चार हायड्रोजन एकत्र आले तर वजन ४.०३२ व्हावे, पण हेलियमचा अणू ४ भरतो. मग उरलेले ०.०३२ गेले कोठे? आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्तानुसार नाहीसे झालेले वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने प्रकट झाले पाहिजे. हा आकडा हाती येताच एडिंग्टन यांनी १९२० मध्ये सूर्य कशावर जळतो याचे उत्तर त्यात असावे असे सुचविले. स्वतः ॲस्टन यांचा हिशेब असा होता की एका पेलाभर पाण्यातील हायड्रोजनपासून हेलियम बनविता आला, तर त्या ऊर्जेवर मोठी आगबोट अटलांटिक महासागर ओलांडून परत येईल.

१९२१ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही. त्या डिसेंबरात स्टॉकहोम येथे सॉडी यांना आदल्या वर्षीचे राखून ठेवलेले रसायनशास्त्राचे पारितोषिक देण्यात आले, आणि भौतिकशास्त्राचे नील्स बोर यांना. समस्थानिकांना नाव देणारा आणि त्यांना दृश्य करणारा अशा दोघांचा गौरव एकाच समारंभात झाला. समस्थानिकांवरील ॲस्टन यांचा ग्रंथ लंडनमध्ये १९२२ साली निघाला. त्या दिवसांत बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आपला रुपयाविषयीचा प्रबंध पुरा करीत होते, आणि तो पुढच्याच वर्षी लंडनमधूनच प्रसिद्ध झाला. दोघांची कधी भेट झाली असे नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा समकालीनतेत रस वाटतो, इतकेच.

१९२७ मध्ये दुसरे यंत्र तयार झाले. त्याची अचूकता पहिल्याच्या दहापट, म्हणजे दहा हजारात एक भाग एवढी होती. येथे या चरित्राचा आमच्या मते सर्वांत बोधप्रद भाग येतो, आणि तो यशाचा नाही.

त्या यंत्रावर ॲस्टन यांनी हायड्रोजनचे वजन १.००७७८ असे ठरविले. मापनासाठी ऑक्सिजन म्हणजे १६, असे प्रमाण धरलेले होते. रसायनज्ञांच्या तराजूवरही हायड्रोजन जवळजवळ तेवढाच भरत होता. दोन स्वतंत्र मार्गांनी एकच उत्तर आले म्हणून सर्वांना समाधान वाटले. पण १९२९ मध्ये अमेरिकेतील जिऑक आणि जॉन्स्टन यांनी प्रकाशाच्या वर्णपटावरून दाखवून दिले की ऑक्सिजन स्वतःच मिश्र आहे. त्यात १७ आणि १८ वजनाचे अणूही थोड्या प्रमाणात असतात. समस्थानिक शोधण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्याच्याच यंत्रात ते निसटले होते. कारण साधे होते : १८ च्या जागी पाण्याच्या वाफेची रेषा नेहमीच असे, आणि तिच्याखाली ऑक्सिजनची फिकट रेषा झाकली जाई. आता पंचाईत अशी झाली की रसायनज्ञांचा १६ हा आकडा मिश्र ऑक्सिजनचा आणि ॲस्टन यांचा १६ शुद्ध अणूचा. मापदंड निराळे असताना उत्तरे एकच कशी? १९३१ मध्ये बर्ज आणि मेंझेल यांनी तर्क केला की हायड्रोजनमध्येही एखादा जड समस्थानिक मिसळलेला असावा, सुमारे साडेचार हजारांत एक. तो तर्क वाचून हॅरॉल्ड युरी शोधाला लागले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, सापडला. १९३४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

पुढे कळले की ॲस्टन यांचा १.००७७८ हा आकडाच चुकलेला होता. १९३५ मध्ये अधिक काळजीपूर्वक मोजणी करून त्यांनी स्वतःच तो बदलला आणि १.००८१ असा नवा आकडा प्रसिद्ध केला. हा आकडा आधीच हाती असता, तर बर्ज आणि मेंझेल यांना जड हायड्रोजनची शंका घेण्याचे कारणच उरले नसते. एका चुकीने खऱ्या शोधाची वाट दाखविली, आणि युरी यांनी ही गोष्ट उघडपणे नमूद करून ठेवली.

पारितोषिक मिळालेल्या माणसाला जगापुढे आपला आकडा खोडून दुसरा लिहिणे सोपे नसते. आमच्या सेवाकाळात हजेरीपटावरील एक चुकीची नोंद मान्य करायला आठवडा लावणारी माणसे आम्ही पाहिली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर एकदा आम्ही स्वतःही त्यांत होतो. तथागतांनी केसपुत्त नगरीतील कालामांना उपदेश केला तेव्हा गुरूचे म्हणणेदेखील केवळ गुरूचे म्हणून स्वीकारू नये असे सांगितले. स्वतःच्याच मापनाला हा नियम लावणे हा त्या उपदेशाचा सर्वांत कठीण भाग होय. ॲस्टन यांना तो ठाऊक असण्याचे काही कारण नाही. त्यांनी तो आचरला.

त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी लिहिण्यासारखे फार नाही. ते अविवाहित राहिले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील खोल्यांत त्यांचे वास्तव्य असे. एकट्याने काम करण्याची आवड होती. शिष्यपरंपरा त्यांनी निर्माण केली नाही आणि वर्गात व्याख्यान देण्यात ते फारसे रमले नाहीत. शिक्षक म्हणून आम्हांला ही उणीव जाणवते. त्यांच्या हातांतील कसब शिकायला त्या खोलीत दोन-चार विद्यार्थी असते तर! संगीत, छायाचित्रण, टेनिस, बर्फावरील घसरगुंडी, सागरप्रवास हे त्यांचे छंद होते. खग्रास सूर्यग्रहणे पाहण्यासाठी ते सुमात्रा, कॅनडा आणि जपान येथे गेलेल्या पथकांत सामील झाले. निसर्गात आढळणाऱ्या समस्थानिकांपैकी २१२ त्यांनी एकट्यानेच ओळखले.

या काळात लिथियम पुन्हा एकदा पुढे आला. १९३२ च्या एप्रिलमध्ये केव्हेंडिश प्रयोगशाळेतच कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी वेगवान हायड्रोजन-केंद्रकांचा मारा करून सातच्या लिथियमचे केंद्रक फोडले. त्याचे दोन हेलियम झाले आणि प्रचंड ऊर्जा बाहेर पडली. ही ऊर्जा नाहीशा झालेल्या वस्तुमानाशी जुळते का, हे पाहायला लिथियमच्या अणूचे अचूक वजन हवे होते. पॅरिसमध्ये कोस्टा यांनी ॲस्टन यांच्याच धर्तीच्या यंत्रावर १९२५ मध्ये काढलेला आकडा त्यांनी वापरला. हिशेब मोजणीच्या मर्यादेत जुळला. वस्तुमान ऊर्जेत बदलते, हे प्रयोगशाळेतील मेजावर ताडून पाहता आले.

ती ऊर्जा माणसाच्या हाती लागली तर काय होईल, याचा विचार ॲस्टन यांनी पुष्कळ आधी केला होता. १९३६ मधील एका व्याख्यानात त्यांनी असा आशय मांडला की ही शक्ती एक दिवस मोकळी होणारच, तिला थोपविता येणार नाही, आणि माणूस ती शेजाऱ्याला उडवून देण्यासाठी वापरणार नाही एवढी आशा आपण करू शकतो. २० नोव्हेंबर १९४५ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांची राख होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. संपत्तीचा मोठा भाग त्यांनी ट्रिनिटी कॉलेजला ठेवला.

चरित्र येथे संपते. लिथियमची गोष्ट संपत नाही. हायड्रोजन बॉम्बसाठी सहाचा लिथियम लागतो. १९५० च्या दशकात अमेरिकेने तो वेगळा काढण्याचे प्रचंड कारखाने चालविले. सातचा लिथियम निरुपद्रवी, स्फोटात तो भाग घेणार नाही, असे बॉम्ब बनविणाऱ्यांनी गृहीत धरले होते. १ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर जो स्फोट करण्यात आला, त्याच्या इंधनात सहाचा लिथियम शंभरात चाळीस आणि सातचा साठ होता. सुमारे सहा मेगाटनांची अपेक्षा होती. स्फोट पंधरा मेगाटनांचा झाला. सातचा लिथियमही जळला होता. त्याची किरणोत्सारी राख रोंगेलॅप बेटावरील रहिवाशांवर आणि एका जपानी मासेमारी नौकेतील तेवीस खलाशांवर पडली. त्यांतील एक खलाशी त्याच वर्षी मरण पावला. ज्यांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते, अशी ती माणसे होती.

सहाचे अणू काढून घेतल्यावर उरलेला लिथियम वाया न घालवता बाजारात विकला गेला. औषधांत, ग्रीजमध्ये आणि प्रयोगशाळांच्या बाटल्यांत तो जाऊन पोहोचला, आणि बाटलीवरचा आकडा मात्र जुनाच राहिला. दुकानातून आणलेल्या लिथियममध्ये सहाचे अणू कमी आहेत हे मास स्पेक्ट्रोमीटरने उघडकीस आणले. सरकारांनी जे सांगितले नव्हते ते अणूंच्या मोजणीने सांगितले. त्यामुळे लिथियमचा अणुभार आता एका आकड्यात न देता ६.९३८ ते ६.९९७ असा दोन टोकांमध्ये दिला जातो.

आज हेच मापन हजारात एक भागाहूनही सूक्ष्म चालते. आर्गॉन वायूच्या काही हजार अंश तापमानाच्या ज्वालेत नमुन्याचे अणू विद्युतभारित करतात, आणि यंत्र स्वतःच थोडी चूक करते हे गृहीत धरून प्रत्येक नमुन्याच्या आधी व नंतर ठरलेला प्रमाण-नमुना तपासून पाहतात. समुद्राच्या पाण्यातील लिथियम त्या प्रमाणापेक्षा हजारात सुमारे ३१ भागांनी जड निघतो, कारण खडक झिजताना तयार होणारी चिकणमाती हलका अणू धरून ठेवते आणि जड अणू नदीवाटे समुद्राला जातो. त्यावरून पृथ्वीवरील खडक पूर्वी कसे झिजले, हे शास्त्रज्ञ वाचू पाहतात. चिकणमातीतून निऑन झिरपवत बसलेल्या ॲस्टन यांना याचे नवल वाटले नसते.

प्रयोगशाळेतील तक्ता बदलण्याची मागणी या वर्षी आम्ही केली आहे. तोपर्यंत ६.९४ च्या खाली, पेन्सिलीने, नवा आकडा लिहून ठेवला आहे.